काळी माती, जुनी जीप आणि जालन्याची भट्टी

जालन्याहून वाटूरमार्गे मंठ्याला आणि तेथून जिंतूरकडे जाणारा रस्ता आता पक्का आहे, आणि शेगाव-पंढरपूर हा दिंडीमार्गही मंठ्यातूनच जातो. परंतु या रस्त्यांवरून शिवारात उतरणारी वाट पावसाळ्यात कशी असते हे लक्षात घेतल्याखेरीज या भागात चारही चाकांना ओढ देणारी वाहने का आली आणि इतकी वर्षे का टिकली, याचा उलगडा होत नाही. मंठा परिसरातील काळी कपाशीची जमीन बेसॉल्ट खडकाच्या अपक्षयातून तयार झालेली असून तिच्यातील चिकणमातीचे कण थरांच्या मध्ये पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात, त्यामुळे उन्हाळ्यात जिथे हात जाईल एवढ्या भेगा दिसतात तिथेच आषाढात गाळणीतून न उतरणारा चिकट रेंदा होतो. अशा मातीत टायरच्या नक्षीतील खाचा काही फेऱ्यांतच बुजतात आणि टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरू लागतो. केवळ मागच्या चाकांना शक्ती मिळणारे वाहन यानंतर स्वतःचाच खड्डा खणत खाली बसते. पुढच्या चाकांनाही शक्ती मिळाली तर वाहनाचे वजन पेलणाऱ्या चारही ठिकाणांहून थोडीथोडी ओढ मिळते, आणि वाफसा नसलेल्या जमिनीत ही थोडी ओढच निर्णायक ठरते.

मात्र चार चाकांची ओढ हा या वाहनांच्या गुणांचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग ‘ट्रान्स्फर केस’ या दुसऱ्या गिअरपेटीत असतो, जी मुख्य गिअरपेटीच्या मागे बसवलेली असते आणि इंजिनाची शक्ती पुढच्या व मागच्या आसांत वाटण्याबरोबरच गती आणखी कमी करून जोर वाढवते. चालक ज्याला नुसते ‘लो’ म्हणतात तो दांडा याच पेटीचा. विलीज कंपनीच्या सीजे-३बी या जीपमध्ये पहिल्या गिअरचे प्रमाण २.८, ट्रान्स्फर केसच्या ‘लो’चे २.४६ आणि आसातील क्राउन-पिनियनचे ५.३८ असे होते, म्हणजे या तिन्हींचा गुणाकार केला असता चाकाच्या एका फेरीसाठी इंजिनाला सुमारे ३७ फेऱ्या माराव्या लागत. एवढ्या मंद गतीमुळे २.२ लिटरचे, आजच्या मानाने अशक्त वाटणारे इंजिनही गाडी चिखलातून न थांबता काढू शके. या रचनेत पुढच्या आणि मागच्या आसांमध्ये फरक भरून काढणारी व्यवस्था नसल्याने कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर व्हील’ लावून वळण घेतले तर शाफ्ट आणि गिअरवर नाहक ताण येतो. या भागात सापडणाऱ्या अनेक जीपांच्या ट्रान्स्फर केसची दुर्दशा चिखलाने कमी आणि या चुकीने जास्त झालेली असते.

या जातीच्या वाहनांचा मूळपुरुष म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी आणि तिचीच फोर्ड कंपनीने बनवलेली आवृत्ती, फोर्ड जीपीडब्ल्यू. दोन्ही मिळून सुमारे साडेसहा लाख गाड्या तयार झाल्या आणि त्यांपैकी बऱ्याच ब्रह्मदेश-आसाम आघाडीच्या निमित्ताने भारतात येऊन युद्धानंतर लष्करी मालाच्या विक्रीतून नागरिकांच्या हाती गेल्या. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने सुरू झालेल्या आणि १९४८ मध्ये मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेल्यानंतर महिंद्र अँड महिंद्र झालेल्या कंपनीने विलीजशी करार करून मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांतून जीप जोडण्यास आरंभ केला, आणि पुढे तिचे उत्पादन कांदिवली व नाशिक येथे वाढत गेले. अमेरिकेत १९५३ साली बाजारात आलेली सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली तेव्हा तिची तेथील संख्या १,५५,४९४ होती. भारतात मात्र तोच सांगाडा, तेच उंच बॉनेट आणि त्याच सपाट मडगार्डांची जीप वेगवेगळ्या नावांनी आणखी कित्येक दशके निघत राहिली. उंच बॉनेटचे कारण सौंदर्यदृष्टी नव्हते. ‘हरिकेन’ नावाच्या नव्या इंजिनात आत येणाऱ्या मिश्रणाची झडप वरच्या हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारी झडप खालच्या ब्लॉकमध्ये अशी रचना असल्याने इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बुटक्या बॉनेटखाली मावेना. जीपच्या याच जुन्या ठेवणीवरून २०१८ मध्ये अमेरिकेतील व्यापार आयोगापुढे महिंद्रच्या रॉक्सर या गाडीविरुद्ध तक्रार दाखल झाली आणि २०२० मध्ये निकाल महिंद्रच्या विरोधात गेला, ही गोष्ट जुन्या आरेखनांना आजही किती किंमत आहे ते सांगते.

मराठवाड्यात जीप प्रामुख्याने सरकारी वाहन म्हणून आली. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५२ मध्ये सुरू झालेला सामूहिक विकास कार्यक्रम, १९५६ मध्ये मराठवाड्याचे मुंबई राज्यातील विलीनीकरण आणि १९६२ मधील जिल्हा परिषदांची स्थापना या टप्प्यांबरोबर गटविकास अधिकारी, पाटबंधारे खाते, आरोग्य खाते आणि पोलीस यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. जवळच पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांची कामे चालू असताना अशा वाहनांशिवाय अभियंत्यांचे पान हलत नसे. सरकारी सेवेतील गाडी ठरावीक वर्षे किंवा किलोमीटर झाल्यावर निर्लेखित होते, म्हणजे नोंदवहीतून काढून लिलावात विकली जाते. तेव्हा ती मोठा शेतकरी, कापूस व्यापारी किंवा पीठगिरणीचा मालक यांच्याकडे जाई आणि तिच्या दुसऱ्या आयुष्याला सुरुवात होई. तिसरे आयुष्य बहुधा प्रवासी वाहतुकीचे असे, कारण एस.टी. न पोहोचणाऱ्या वाड्यांपर्यंत ‘काळी-पिवळी’ म्हणून माणसे भरून नेण्यासाठी लांब सांगाड्याच्या जीपा सोयीच्या ठरल्या. चौथे आयुष्य ऊस, कडबा आणि पाण्याचे बॅरल ओढण्यात जाई. संग्राहकाच्या हाती गाडी येते ती बहुतेक या चौथ्या आयुष्याच्या शेवटी, आणि त्या वेळी तिच्यात किती कारखान्यांचे आणि किती गॅरेजांचे हात मिसळले आहेत हे ओळखणे हेच पुनरुज्जीवनाचे पहिले काम असते.

या मिसळणीतील सर्वांत मोठा थर डिझेलचा आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि दोन-सव्वादोन लिटरचे पेट्रोल इंजिन पोसणे ग्रामीण मालकाला परवडेनासे झाले, म्हणून कारखान्यानेच आधी इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आणि नंतर पूजो या फ्रेंच कंपनीचे एक्सडीपी ४.९० हे इंजिन जीपमध्ये आणले. या नावातील ४ हा सिलिंडरांचा आणि ९० हा सिलिंडरच्या व्यासाचा मिलिमीटरमधील आकडा असून त्याची क्षमता २,११२ घनसेंटीमीटर भरते. १९८५ च्या सुमाराची एमएम ५४० ही जीप याच इंजिनाने ओळखली जाते. परंतु ज्यांच्याकडे आधीची पेट्रोल जीप होती त्यांनी नवी गाडी घेण्याऐवजी गावातल्या मिस्त्रीकडून मॅटाडोरचे, ॲम्बॅसडरचे किंवा ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जुन्याच चेसिसवर चढवले. त्यासाठी इंजिनाचे पाय नव्याने वेल्ड केले गेले, क्लचच्या घरासाठी लेथवर जाड चकती कातली गेली आणि रेडिएटर पुढे सरकवला गेला. शुद्धतावादी संग्राहक या कामाकडे नाक मुरडून पाहतात, ते चुकीचे आहे. हे बदल झाले नसते तर यांपैकी बहुसंख्य गाड्या १९८० च्या दशकातच वितळल्या असत्या.

वितळण्याचा प्रश्न येथे शब्दशः घ्यायचा आहे. जालना बियाण्यांसाठी जसे ओळखले जाते तसेच पोलादी सळयांसाठीही, आणि औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांचा कच्चा माल मुख्यतः भंगार लोखंड हाच असतो. या भट्ट्या प्रवर्तन पद्धतीच्या असतात, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह सोडून आतल्या लोखंडातच उष्णता निर्माण केली जाते आणि त्या रसाच्या लगडी रोलिंग मिलमध्ये सळयांच्या रूपात लाटल्या जातात. सुमारे ९७० किलो वजनाची सीजे-३बी अशा व्यवस्थेच्या दारात उभी असते तेव्हा तिचे मूल्य वजनकाट्यावर ठरते, आणि ती एकाच वेळी मरत नाही, तर धातूंच्या भावाच्या क्रमाने मरते. प्रथम रेडिएटरचे तांबे-पितळ, बॅटरीचे शिसे, डायनामो आणि स्टार्टरची तार जाते. मग कार्ब्युरेटरसारखे हलक्या मिश्रधातूचे भाग. त्यानंतर बीड, म्हणजे ओतीव लोखंडाचे ब्लॉक, हेड आणि गिअरपेटीची घरे वेगळी काढली जातात, कारण त्यांतील कार्बनचे प्रमाण जास्त असल्याने भंगारवाला ती पत्र्यात मिसळत नाही. शेवटी चेसिस गॅसकटरने कापली जाते. सुटे भाग शोधणाऱ्याला हा क्रम पाठ असावा लागतो, कारण बीड बाजूला काढल्यापासून ते भट्टीकडे रवाना होईपर्यंतचा काळ हीच त्याची संधी असते, आणि ब्लॉकवर हातोडा पडण्यापूर्वी पोहोचलेल्या माणसाला किलोच्या भावात जे मिळते ते एका आठवड्यानंतर कोणत्याही भावात मिळत नाही. शोधाचा कानमंत्र म्हणूनच जाहिरातींपेक्षा भंगार दुकानदार, जुने डेंटर, गिअर उघडणारे मिस्त्री आणि पंक्चरवाले यांच्याशी वर्षानुवर्षे ठेवलेल्या ओळखीत आहे. शिवारातील गोठ्यामागे कडब्याखाली उभी असलेली गाडी यांनाच ठाऊक असते.

सापडलेली गाडी नेमकी कोणती, हे ओळखण्यासाठी रंग आणि बिल्ले यांवर विसंबून चालत नाही. युद्धकाळातील विलीजच्या चेसिसची पुढची आडवी पट्टी गोल नळीची असते, तर फोर्डची उलट्या यू आकाराची, चौकोनी दिसणारी असते. शिवाय फोर्डने आपल्या बहुतेक भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरही, एफ हे अक्षर उमटवले होते. या दोन्ही गाड्यांचे स्टीअरिंग डाव्या बाजूला आणि विद्युतव्यवस्था सहा व्होल्टची होती. सीजे-३बी ओळखण्यास बॉनेटची उंची पुरेशी असते, परंतु ती चारही चाकांची आहे की नाही हे पाहण्यासाठी वाकून पुढच्या आसाकडे पाहावे लागते, कारण भारतात पुष्कळ जीपा केवळ मागच्या चाकांच्या विकल्या गेल्या आणि त्यांचा पुढचा आस साधी नळी किंवा दांडा असतो. खरा पुढचा आस म्हणजे एका बाजूला क्राउन-पिनियनचे फुगीर घर आणि दोन्ही टोकांना लोखंडी गोळे. या गोळ्यांच्या आत चाक वळत असतानाही शक्ती पोहोचवणारे सांधे फिरतात. गोळ्यावरील तेलसील फाटले की काळी माती आत जाऊन वंगणात मिसळते आणि ते मिश्रण सांधे खाऊन टाकते. पुढचा शाफ्ट काढून ठेवलेली गाडी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. डिझेल वाचवण्यासाठी आणि सील बदलण्याचा खर्च टाळण्यासाठी तो काढला जाई, आणि पुष्कळदा तो त्याच घराच्या माळ्यावर सापडतो.

लष्करातून आलेल्या गाड्यांचा वेगळा शोध घ्यावा लागतो. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९९९ पर्यंत तयार झालेली निस्सान जोंगा, चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची, लष्करी लिलावांतून महाराष्ट्रभर पसरली. तिच्या नावात जबलपूर, आयुध, तोफगाडा आणि जुळणी या अर्थांच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. अहिल्यानगर येथील चिलखती दलाचे केंद्र आणि वाहन संशोधन संस्था मराठवाड्याच्या सीमेला लागून असल्याने लष्करी वाहने या टापूत अनोळखी नाहीत. लष्करी क्रमांकपट्टीवर वर रोखलेला बाण आणि त्यानंतर गाडी दाखल झाल्याच्या वर्षाचे दोन अंक असतात, म्हणून पुढच्या बंपरवरील नागरी रंगाचे थर बारीक पॉलिशपेपरने एकेक करून उतरवले असता शेवटच्या ऑलिव्ह हिरव्या थरावर कधी बाणाची पुसट रेघ आणि दोन अंक दिसतात. कागदपत्रे गहाळ असताना वर्ष ठरवण्याचा हा बऱ्यापैकी भरवशाचा मार्ग आहे, मात्र रंगतोडू द्रावण ओतून सारे एकदम खरवडणारा कारागीर तो पुरावा अर्ध्या तासात नष्ट करतो.

कागदपत्रांचे प्रकरण मात्र पत्र्यापेक्षा गंजके निघते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर राज्यात एमएच-२० (छत्रपती संभाजीनगर), एमएच-२१ (जालना), एमएच-२२ (परभणी) असे क्रमांक सुरू झाले. त्याआधीच्या गाड्यांवर एमपासून सुरू होणारी तीन अक्षरे आढळतात. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला, त्यामुळे त्यापूर्वी नोंदलेल्या गाडीची मूळ नोंद तेव्हाच्या औरंगाबाद (आजच्या छत्रपती संभाजीनगर) किंवा परभणीच्या कार्यालयात शोधावी लागते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते आणि महाराष्ट्रात त्याबरोबर पर्यावरण कर भरावा लागतो. ज्या मालकाने तीन नूतनीकरणे चुकवली त्याची गाडी कागदावर जवळजवळ मृत असते. चेसिसवरील उमटवलेला क्रमांक आणि नोंदणीपुस्तकातील क्रमांक यांत एका अंकाचाही फरक असेल तर सौदा तिथेच थांबवावा. दुसऱ्या गाडीचे कागद या गाडीला लावणे हा फौजदारी गुन्हा असून तो स्वस्त किमतीत लपलेला असतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले, खासगी वापराचे दुचाकी किंवा चारचाकी वाहन मूळ स्वरूपात असेल आणि त्याच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर त्याला व्हीए ही अक्षरे असलेला खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये, फेरनोंदणीसाठी ५,००० रुपये आणि दहा वर्षांची मुदत अशी ही व्यवस्था असून अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणे व देखभाल यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नियमाचा हेतू स्तुत्य आहे. अडचण अशी की तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या दिवसालाच मूळ मानतो. मंठा भागातील सत्तरीच्या दशकाच्या आरंभीची जीप पन्नास वर्षांची अट पार करते, परंतु तिच्यात १९८० च्या सुमारास बसवलेले डिझेल इंजिन तिला या वर्गातून बाहेर काढते, आणि एमएम ५४० मात्र आपल्या मूळ पूजो इंजिनासह असूनही २०३५ च्या आधी पात्र ठरत नाही. दिल्ली-मुंबईतील झाकून ठेवलेल्या मोटारींसाठी ही व्याख्या योग्य बसते, राबलेल्या गाडीसाठी बसत नाही. त्यामुळे मालकापुढे दोनच मार्ग उरतात: हरिकेन इंजिन शोधून बसवावे आणि विंटेज दर्जा मागावा, किंवा डिझेल इंजिनाची नोंद योग्य परवानगीने कागदावर आहे याची खात्री करून गाडी साध्या नोंदणीवर चालवावी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत, विनापरवानगी बदलांना मनाई करते, त्यामुळे तिसरा मार्ग, म्हणजे गुपचूप काहीतरी बसवून चालवत राहणे, संग्राहकाने विचारातही घेऊ नये.

प्रत्यक्ष कामाला चेसिसपासून सुरुवात होते. दोन लांब कड्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे असा हा सांगाडा सपाट जमिनीवर ठेवून दोन्ही कर्ण मोजले जातात. कर्णांत फरक असेल तर चेसिस पिळलेली आहे आणि तिच्यावर बसवलेले काहीही सरळ बसणार नाही. जालना परिसरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोकणात त्याच्या कित्येक पट, म्हणून मंठ्याच्या गाडीचे दरवाजाजवळचे पत्रे कोकणातल्या गाडीपेक्षा पुष्कळ शाबूत मिळतात. येथील गंज वेगळ्या जागी असतो. चेसिसच्या पोकळ खोबणीत साचलेली काळी माती उन्हाळ्यातही आतला ओलावा धरून ठेवते, परिणामी वरून रंगवलेली कडी आतून कागदासारखी झालेली असते. हातोडीने टकटक करत आवाज ऐकणे हा जुना उपाय अजूनही सर्वांत विश्वासार्ह आहे. वाळूच्या फवाऱ्याने गंज काढणे जाड चेसिसला चालते, पण बॉडीचा पातळ पत्रा त्याच्या माऱ्याने लाटेसारखा वाकतो. तिथे फॉस्फरिक आम्लाचे द्रावण किंवा विद्युत-अपघटन, म्हणजे सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या भागातून क्षीण विद्युतप्रवाह सोडून गंज सुटा करण्याची पद्धत बरी. कुजलेला तुकडा कापून नवा बसवण्याऐवजी पुट्टीचा जाड थर देणे हा डेंटिंगच्या धंद्यातील सर्वांत महागात पडणारा स्वस्त उपाय आहे, कारण पुट्टीखाली गंज दोन पावसाळ्यांत पुन्हा वर येतो.

वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या इंजिनाला लगेच स्टार्टर किंवा हँडल मारू नये. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि पातळ वंगण ओतून काही दिवस मुरू द्यावे, मग फ्लायव्हील हाताने दोन्ही दिशांना थोडेथोडे हलवून पाहावे. हरिकेनचा ब्लॉक बिडाचा आहे, आणि पाण्याच्या कप्प्यांत गाळ व चुना साचून पाण्याचे फिरणे बंद झालेले असते तेव्हा उष्णतेने तडा जातो. तडा गेलेला ब्लॉक साध्या वेल्डिंगने सांधत नाही, त्यासाठी निकेलची कांडी वापरून लहान लहान टप्प्यांत थंड वेल्डिंग करावे लागते. सिलिंडर झिजलेला असेल तर तो रिबोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन घालतात, आणि मोठे पिस्टन मिळत नसतील तर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकून मूळ मापाला आणतात. झडपांच्या दोन वेगवेगळ्या जागांमुळे हे इंजिन उघडणाऱ्याला प्रथम गोंधळ होतो: हेड काढले की त्याच्याबरोबर फक्त मिश्रण आत घेणाऱ्या झडपा निघतात, धुराच्या झडपा ब्लॉकमध्येच राहतात, त्यांच्या स्प्रिंगांपर्यंत ब्लॉकच्या कडेच्या झाकणातून पोहोचावे लागते आणि नेमक्या त्याच झडपा अधिक जळलेल्या असतात.

पान्यांच्या बाबतीतही हे वाहन दोन युगांचे आहे. विलीजच्या मूळ आरेखनातील प्रत्येक बोल्ट इंचाच्या मापाचा आहे आणि महाराष्ट्रातील मिस्त्री तो अजूनही सुतात मोजतो, जिथे एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार सुताचा बोल्ट म्हणजे अर्धा इंच. पूजोचे इंजिन मात्र मिलिमीटरच्या मापाचे, त्यामुळे एमएम ५४० च्या गिअरपेटीपुढे एका मापाचे आणि आसाजवळ दुसऱ्या मापाचे पाने लागतात. घाईत जवळपासचा बोल्ट ठोकून बसवल्याने चेपलेल्या आट्या या गाड्यांत जागोजागी मिळतात, आणि नव्या आट्या पाडणे हेच कधी कधी सर्वांत वेळखाऊ काम ठरते. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात, म्हणून ते हवेच्या फवाऱ्याने साफ करण्याची सर्रास आढळणारी सवय सोडून ओल्या फडक्याने पुसावेत. जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर एकपदरी असतो, म्हणजे एका चाकाची नळी फुटली तरी चारही चाकांचा ब्रेक जातो. रोज चालवायच्या गाडीत दुपदरी सिलिंडर बसवणे मूळ स्वरूपाला थोडा धक्का देते, तरीही ते करावे. पेट्रोल गाड्यांपुढे अलीकडे वीस टक्के इथेनॉलमिश्रित इंधनाचाही प्रश्न उभा राहिला आहे. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, हवेतील ओलावा ओढून टाकीत गंज धरवते आणि पंपातील रबरी पडदा सैल करते, त्यामुळे नळ्या, पडदे आणि सील इथेनॉल सहन करणाऱ्या फ्लुओरो-रबराचे घ्यावे लागतात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी लागते.

सुट्या भागांच्या बाजारपेठा आता बऱ्याच पसरलेल्या आहेत. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईतील कुर्ला आणि चोरबाजार, दिल्लीचे मायापुरी ही नावे सर्वांना माहीत असतात. हरियाणातील मंडी डबवाली नव्याने बांधलेल्या जीपांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथली चकचकीत गाडी म्हणजे मूळ गाडी नव्हे, हे खरेदीदाराने समजून घ्यावे. फिलिपाइन्समधील एमडी हुआन ही कंपनी युद्धकालीन जीपची संपूर्ण बॉडी नव्याने बनवते, आणि अमेरिकेतील कित्येक ‘मूळ’ जीपा तिच्याच पत्र्यात फिरतात. भारताची जमेची बाजू वेगळी आहे. येथे सीजे-३बीचे यांत्रिक भाग अमेरिकेत ती बंद झाल्यानंतरही दीर्घकाळ तयार होत राहिल्याने बेअरिंग, सील, क्रॉस, पाटे आणि किंगपिन अजूनही जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतात, आणि जे मिळत नाही ते साध्या लेथवर कातता येते. क्रॉस आणि पाटे बिनधास्त नवे घ्यावेत. क्राउन-पिनियनची जोडी मात्र एकत्र घासलेली असते, तिच्यातील एक जुने आणि एक नवे अशी सांगड घातली तर काही शे किलोमीटरांत दात गरगर आवाज करू लागतात. कार्ब्युरेटर, डॅशबोर्डवरील मोजमापके आणि बॉनेटचे खटके हे भाग मूळच शोधावेत, कारण नकली भाग डोळ्याला जेवढा खुपतो तेवढा तो कामात खुपत नाही आणि त्यामुळे तो बदलायचा राहून जातो.

शेवटचा निर्णय रंगाचा असतो, आणि तो तांत्रिक नसून इतिहासाचा आहे. कारखान्याचा रंग, खात्याचा पांढरा किंवा राखी थर, लिलावानंतरचा निळा, काळी-पिवळीचा पिवळा असे थर एका दरवाजावर एकावर एक सापडतात. सर्वसाधारण कारागीर ते सारे काढून लष्करी हिरवा मारतो, जरी ती गाडी आयुष्यात कधी सैन्यात गेलेली नसली तरी. या प्रथेने मराठवाड्यातील पुष्कळ जीपांना खोटे लष्करी चरित्र चिकटले आहे. अधिक प्रामाणिक पद्धत अशी की आतल्या बाजूच्या एका लहान चौकोनात सर्व थर पायरीपायरीने उघडे ठेवून वरून वॉर्निश द्यावे, बाहेरून मात्र ज्या आयुष्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत त्याच आयुष्याचा रंग द्यावा. जिल्हा परिषदेचे नाव रंगवलेली पांढरी जीप बंदूक लावलेल्या हिरव्या जीपपेक्षा दुर्मिळ आहे, आणि तिची छायाचित्रेही कमी जणांनी जपली आहेत. जोडणी पूर्ण झाल्यावर पहिले पाचशे किलोमीटर गाडी मध्यम वेगाने चालवून इंजिनाचे तेल बदलावे, हेडचे बोल्ट ठरलेल्या ताणाने पुन्हा आवळावेत, आणि ‘फोर व्हील’ची चाचणी डांबरावर न घेता नांगरटीच्या मऊ शेतात घ्यावी, परतल्यावर पुढच्या दोन्ही गोळ्यांखाली तेलाचा ओघळ दिसला तर सील पुन्हा बदलावे लागते.